लाभांश आणि भाड्याचा वर्षभराचा हिशेब एकाच वहीत कसा मांडावा?

प्रश्न (जुळे सोलापूर)
नमस्कार. मामंजींनी घराचा जमाखर्च वर्षानुवर्षे लाल कापडी बांधणीच्या चोपडीत स्वतः लिहिला. आता मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर लागत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आले आहे. येथील फ्लॅटचे दरमहा ९,००० रुपये, नवी पेठेतील गाळ्याचे भाडे आणि सहा-सात कंपन्यांचे लाभांश एवढ्यावर सासू-सासऱ्यांचे घर चालते. लाभांशाची माझी बेरीज आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाशी जुळत नाही, आणि पासबुकात ‘एसीएच’च्या (थेट खात्यात जमा होणाऱ्या रकमेच्या बँकेच्या खुणेच्या) पुढे कंपनीचे नाव अर्धवटच छापलेले असते. गाळेकऱ्याची अनामतही चोपडीत जमेच्या बाजूला दिसते. नोंदी कशा कराव्यात?

उत्तर १ (होटगी रस्ता)
ताई, तफावत बहुधा मुळात कापलेल्या कराची असावी. एका कंपनीचा वर्षभराचा लाभांश १०,००० रुपयांपेक्षा अधिक झाला की ती १० टक्के कर कापून उरलेली रक्कम पाठवते; ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पूर्वी ५,००० रुपये होती. म्हणजे १२,००० रुपयांचा लाभांश असेल, तर पासबुकात १०,८०० दिसतात आणि विवरणात मात्र पूर्ण १२,०००. म्हणून जाहीर रक्कम, कापलेला कर आणि हाती आलेली रक्कम असे तीन रकाने ठेवा. चौथा रकाना शेअर कोणाच्या नावावर आहेत याचा हवाच, कारण घर एक असले तरी आयकर विवरणपत्रे दोघांची वेगळी भरावी लागतात.

अनामत हे उत्पन्न नव्हे, परत करावयाचे देणे आहे. तिला वेगळे पान द्या.

उत्तर २ (अक्कलकोट रस्ता)
भाड्याच्या बाबतीत माझा आग्रह असा, की कराचा हिशेब आणि घरचा हिशेब एकमेकांत मिसळू नयेत. आपल्या फ्लॅटचे वर्षाचे भाडे १,०८,००० होते. महापालिकेचा मिळकतकर, समजा, ६,००० रुपये त्याच वर्षी भरला असेल, तर १,०२,००० उरतात आणि त्यांवर ३० टक्के, म्हणजे ३०,६०० रुपयांची सरसकट वजावट मिळून ७१,४०० रुपये करपात्र ठरतात. दुरुस्तीवर प्रत्यक्षात काहीही खर्च झाला नाही किंवा पन्नास हजार झाला, तरी ही वजावट तेवढीच राहते. घरच्या वहीत मात्र खरा खर्चच लिहिला पाहिजे. गेल्या पावसाळ्यात आमच्या गच्चीची गळती थांबवण्यात आणि त्यामुळे घर दोन महिने रिकामे राहण्यात पाच महिन्यांचे भाडे गेले. हे कागदावर आले, तेव्हाच त्या घरातून आम्हाला खरोखर काय मिळते ते उमगले. अकरा महिन्यांचा करार कोणत्या तारखेला संपतो, तेही भाड्याच्या पानावर वरच लिहा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. जे लाभांश यायला हवे होते पण आले नाहीत, त्यांचीही नोंद ठेवा. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही, तर ती रक्कम आणि ते शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. परत मिळवता येतात, पण थकलेल्या माणसाला ती धावपळ झेपत नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मामंजींना शेजारी बसवून एकेक नाव वाचून दाखवले. दोन कंपन्यांच्या रकमा कापलेला कर धरल्यावर तंतोतंत जुळल्या. तिसऱ्या कंपनीचा लाभांश त्यांच्या बंद झालेल्या जुन्या खात्यावर जात होता. चोपडीत त्याची शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची आहे. नवीन खात्याचा रद्द केलेला धनादेश जोडून कंपनीच्या निबंधकाकडे (भागधारकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेकडे) अर्ज आजच पाठवत आहे.