डोंबिवलीतून ६०० रुपयांत चौघांची सहल : कुठे जावे आणि काय खावे?

सातारकरीण (प्रश्न)

आम्ही गेल्या जूनमध्ये साताऱ्याहून डोंबिवली पूर्वेला राहायला आलो. घरात मी, यजमान, सात वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई असे चौघे आहोत. यजमानांची नोकरी ठाण्याला असल्यामुळे आठवड्याचे सहा दिवस ते सकाळी साडेसातला घर सोडतात आणि रात्री नऊच्या सुमारास परततात. त्यामुळे सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचे तर रविवारच हाती उरतो. साताऱ्यात संध्याकाळी 'चार भिंती' या टेकडीवरच्या ठिकाणापर्यंत फिरून येणे होत असे आणि फिरायला पैसे लागतात हे कधी ध्यानातही आले नव्हते.

इथे आल्यावर दोनदा मॉलमध्ये गेलो. दुसऱ्या खेपेला खाणे, मुलीचे खेळ आणि रिक्षा मिळून १,८५० रुपये झाले. परतताना सासूबाई एवढेच म्हणाल्या, "बसायला एक बाक तेवढा नव्हता गं तिथं." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

महिन्यातून दोन रविवारी, प्रवास आणि खाणे धरून ६०० रुपयांच्या आत होईल असे काही सुचवावे, ही विनंती. सासूबाई शाकाहारी आहेत, चतुर्थी आणि एकादशी पाळतात, आणि गुडघ्यांमुळे त्यांना फार चढ-उतार जमत नाही. मुलीला तिखट चालत नाही. आमच्याकडे गाडी नाही, लोकल आणि रिक्षा एवढेच साधन आहे.

जुना फडके रोड

ताई, मी या गावात ४० वर्षे राहत आहे आणि माझीही मुले लोकलच्या तिकिटातच सहली करून मोठी झाली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली सहल अंबरनाथच्या शिवमंदिराची करावी, असे मी आग्रहाने सांगेन. डोंबिवलीहून ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग अंबरनाथ, असा २०-२५ मिनिटांचा प्रवास आहे. बदलापूर, कर्जत किंवा खोपोलीची कोणतीही गाडी चालते. मंदिर स्थानकाच्या पूर्वेला सुमारे दोन किलोमीटरवर आहे आणि तिथवर रिक्षा मिळते. उत्तरेकडील दाराशी असलेल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हा काळ दिलेला आहे आणि हे काम शिलाहार राजा मम्वाणीच्या काळात पुरे झाले. आपल्या घरापासून अर्ध्या तासावर साडेनऊशे वर्षांहून जुने, काळ्या पाषाणात घडवलेले भूमिज शैलीचे मंदिर उभे आहे आणि डोंबिवलीतील कितीतरी कुटुंबे महाशिवरात्रीच्या गर्दीखेरीज तिकडे फिरकत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुलीला घेऊन जाल तेव्हा देवदर्शन लवकर आटोपावे आणि बाहेरून संथपणे एक प्रदक्षिणा घालावी. भिंतीच्या खालच्या थरात हत्तींची रांग कोरलेली आहे आणि ती लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. माझ्या धाकट्याने एकदा एका बाजूचे हत्ती मोजायला घेतले, मध्येच एकाची सोंड झिजून गेलेली दिसली तेव्हा तो हत्ती धरायचा की नाही यावर थोरल्याशी वाद झाला, आणि दोघांनी पुन्हा पहिल्यापासून मोजणी केली. त्या अर्ध्या तासाला एक पैसाही लागला नाही.

दोन गोष्टी जपाव्यात. मंदिराशेजारून वाहणारी वालधुनी नदी फार दूषित झालेली आहे, त्यामुळे मुलीला पाण्याकडे जाऊ देऊ नये. दुसरे असे, की मध्य रेल्वेवर रविवारी बहुधा मेगाब्लॉक असतो. साधारणपणे सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत गाड्या उशिराने धावतात किंवा धीम्या गाड्या जलद मार्गावर आणि जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या जातात. तो कुठे आहे हे शनिवारीच जाहीर होते. सकाळी साडेसातला निघून साडेदहाच्या आत घरी पोहोचावे किंवा चारनंतर निघावे, हा आमच्या घरचा नियम होता आणि तो कधी चुकला नाही.

खाडीकाठ

वरील सूचना उत्तम आहे, परंतु ताईंच्या सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करता एक माहिती जोडणे आवश्यक वाटते. अंबरनाथच्या मंदिरात गर्भगृह सभामंडपाच्या पातळीपेक्षा बरेच खाली आहे आणि पिंडीपर्यंत जायचे तर सुमारे वीस पायऱ्या उतराव्या लागतात. त्या जुन्या, दगडी आणि दमट आहेत. माझ्या आईने वरूनच हात जोडले आणि सभामंडपातील खांबांपाशी ती शांतपणे बसली. तिचे समाधान झाले, पण हे आधी ठाऊक असते तर दाराशी आलेला हिरमोड टळला असता. आपण त्यांना घरूनच सांगून न्यावे.

चढ-उतार अजिबात नको असेल तर ठाण्याची तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलाव, अधिक सोयीची आहे. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून सावकाश चालत पंधरा मिनिटे लागतात. एका बाजूला कोपिनेश्वराचे मंदिर, दुसऱ्या बाजूला गडकरी रंगायतन, तलावात नौकाविहार आणि सासूबाईंच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे काठाने बसायची सोय. संध्याकाळी पाचनंतर जावे. ऊन उतरलेले असते आणि मेगाब्लॉकही संपलेला असतो.

ठाण्याला गेल्यावर मामलेदार मिसळ खावी असे सगळेच सांगतात. मामलेदार कचेरीला लागून असल्यामुळे तिला ते नाव पडले. मलाही ती अतिशय आवडते, पण ती खरोखर तिखट असते. कमी तिखट मागितली तरी सात वर्षांच्या मुलीला ती झेपेल असे मला वाटत नाही. आपण दोघांनी मिसळ घ्यावी आणि मुलीसाठी व सासूबाईंसाठी घरून दही-पोहे किंवा धपाटी न्यावीत आणि ती तलावाकाठी खावीत.

सातारकरीण

दोघांचेही मनापासून आभार. पायऱ्यांची माहिती फार उपयोगी पडली. एक शंका विचारते. सासूबाईंना टिटवाळ्याच्या महागणपतीला जायची इच्छा आहे. ते या खर्चात बसेल का? आणि जिथे जाऊ तिथे बाहेर खायचे तर चौघांचे पोट किती रुपयांत भरावे, याचा मला अजून अंदाज येत नाही. साताऱ्याच्या आणि इथल्या दरांत बराच फरक जाणवतो.

कल्याण पश्चिम

टिटवाळा खर्चात सहज बसेल. कल्याणनंतर रेल्वेमार्ग दोन दिशांना फुटतो. अंबरनाथ कर्जतच्या बाजूला आहे, तर टिटवाळा कसाऱ्याच्या. म्हणून टिटवाळा, आसनगाव किंवा कसारा असे नाव असलेली गाडीच पकडावी, नाहीतर कल्याणला उतरून जिने चढावे लागतील आणि सासूबाईंना त्याचाच त्रास होईल. अंगारकीला आणि संकष्टीला जाणे टाळावे, मंगळवारीही गर्दी असते. साधा रविवार असेल तर सकाळी आठच्या आत दर्शन होईल अशा बेताने निघावे.

आता खाण्याविषयी. मी बरीच वर्षे कुटुंबाचा खर्च वहीत लिहीत आलो आहे, त्यावरून सांगतो. आपल्या भागात वडापाव आता १५ ते २५ रुपयांना मिळतो. साध्या उडुपी उपाहारगृहात इडली किंवा साधा डोसा घेतला तर माणशी ६० ते ९० रुपयांत न्याहारी होते. म्हणजे चौघांची न्याहारी ३०० ते ३५० रुपयांत आटोपते आणि बाकी रक्कम प्रवासाला पुरते. त्याच उपाहारगृहात दुपारी एक वाजता बसलात, तर पंजाबी भाजी, रोटी आणि शीतपेये मिळून तीच रक्कम दुप्पट-तिप्पट होते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की कमी खर्चाची सहल ही न्याहारीची किंवा संध्याकाळच्या खाण्याची असावी. जेवण घरी करावे.

डोंबिवलीचीच एक सोय आपण अजून वापरलेली दिसत नाही, ती म्हणजे पोळी-भाजी केंद्रे. नोकरी करणाऱ्या घरांच्या गरजेतून ती इथे गल्लोगल्ली उभी राहिली आणि अनेक ठिकाणी ती घरगुती पद्धतीने महिलाच चालवतात. घडीची पोळी, उसळ, कोथिंबीर वडी, अळूवडी, थालीपीठ आणि चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचे तांदूळ, हे सगळे तिथे वाजवी दरात मिळते. निघताना घराजवळच्या केंद्रातून खिचडीचा डबा भरून घेतला, तर सासूबाईंच्या उपवासासाठी परक्या गावात शोधाशोध करावी लागणार नाही. केंद्रातल्या बाईंना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवले तर त्या खिचडीत मिरची कमी घालून देतात, हा माझा अनुभव आहे; म्हणजे मुलीचाही प्रश्न सुटतो.

कल्याणला आलात तर खिडकी वडा जरूर खावा. घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात झाली म्हणून ते नाव पडले. वडे हातात घेऊन काळा तलावावर जावे. तलावाभोवती सपाट फेरफटका आहे आणि मुलांना मोकळे धावता येते. दुर्गाडी किल्ल्यालाही एकदा न्यावे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि पुढे याच खाडीत महाराजांची जहाजे बांधली गेली, हे मुलीला खाडीकडे बोट दाखवून सांगता येईल. वर चढ आहे, त्यामुळे सासूबाई बरोबर नसतील तेव्हा हे करावे.

रविवार सकाळ

वर कुणी लिहिले नाही म्हणून एक कळकळीचे सांगणे आहे. पावसाळ्यात शेजारपाजारचे लोक आपल्याला बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला चला म्हणतील. देऊळ सुरेख आहे, धबधबाही सुंदर आहे आणि खर्चही नाही. परंतु तिथल्या कुंडात बुडून अनेक तरुणांचे प्राण गेले आहेत. पाण्याची खोली वरून कळत नाही आणि डोंगरात पाऊस झाला की पाणी अचानक वाढते. अशा ठिकाणी पावसाळ्यात प्रशासन बंदीचे आदेश काढते, तरीही आडवाटेने माणसे जातात. मुलीला घेऊन पावसाळ्यात तिथे कृपया जाऊ नये.

त्याऐवजी पावसाळ्यात कल्याण-शीळ रस्त्यावरचे खिडकाळीचे शिवमंदिर पाहावे. डोंबिवलीहून ते जवळ आहे, शेजारी तलाव आहे आणि वातावरण निवांत असते. श्रावणी सोमवारी मात्र रांग लागते.

आणखी एक. आपण डोंबिवली पूर्वेलाच आहात, तेव्हा प्रत्येक वेळी गाडीत बसायलाच हवे असे नाही. गुढीपाडव्याला सकाळी गणेश मंदिराच्या वतीने निघणारी स्वागतयात्रा पाहायला फडके रोडवर उभे राहावे. आज महाराष्ट्रभर निघणाऱ्या या यात्रांची सुरुवात १९९९ मध्ये आपल्या डोंबिवलीतून झाली. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे याच रस्त्यावर नवे कपडे घालून सारे गाव एकमेकांना भेटायला जमते. नव्याने राहायला आलेल्या माणसाला या गावात ओळखी व्हायला ती एक सकाळ पुरते. अर्थात सासूबाईंना गर्दीत न्यायचे असेल तर फार उशीर करू नये.

सातारकरीण

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण इतक्या आपुलकीने उत्तरे देणाऱ्यांना पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

काल आम्ही अंबरनाथला जाऊन आलो. शनिवारीच मेगाब्लॉक पाहून ठेवला होता आणि सकाळी सात-बावीसला घर सोडले. पोळी-भाजी केंद्रातून आदल्या दिवशी सांगून थालीपिठे आणि बिनमिरचीची खिचडी घेतली होती, ती २४० रुपयांची झाली. लोकल, रिक्षा आणि परतताना स्थानकाबाहेर घेतलेला चहा धरून एकूण ४७० रुपये लागले.

सासूबाईंना पायऱ्यांचे घरीच सांगितले होते. त्यांनी वरूनच दर्शन घेतले आणि सभामंडपात एका खांबाशी बसून राहिल्या. मी मुलीबरोबर बाहेर होते. थोड्या वेळाने आत येऊन पाहते तो त्या खांबाच्या कोरीव कामावरून हलकेच हात फिरवत होत्या. त्यांच्या वडिलांचा पाथरवटाचा व्यवसाय होता, हे मला लग्नाला नऊ वर्षे झाली तरी ठाऊक नव्हते. हा कोपरा छिन्नीने किती हळू काढावा लागला असेल, आणि एक टवका उडाला तर आख्खा खांब कसा वाया जातो, हे त्या नातीला कितीतरी वेळ समजावून सांगत होत्या. मुलीने हत्ती मोजायचे अर्धवट सोडले आणि आजीजवळ येऊन बसली.

पुढच्या रविवारी टिटवाळ्याला जायचे ठरले आहे. कल्याण पश्चिम यांना एकच विचारायचे आहे : डोंबिवलीहून टिटवाळ्याला थेट जाणाऱ्या सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळते का, की सासूबाईंसाठी महिलांच्या डब्यात जाणे बरे?

कल्याण पश्चिम

महिलांच्या डब्यातच जावे. रविवारी सकाळी जागा मिळण्याची शक्यता तिथे अधिक असते. टिटवाळा हे त्या गाडीचे शेवटचे स्थानक असेल, तर उतरतानाही घाई होत नाही. आजींना माझा नमस्कार सांगावा.