मदरबोर्डला रंग फासणाऱ्यांनो, "सोपं आहे" म्हणू नका

सोल्डरबुवा
परवा एका मुलाने इथे आपल्या मदरबोर्डचे फोटो टाकले. हिरव्या बोर्डावर पांढऱ्या स्प्रेचे तीन हात, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) सोनेरी, आणि खाली लिहिलंय, "एकदम सोपं, मास्किंग टेप आणि तीन तास, कुणीही करू शकतं." लोकांनी अंगठ्यांचा पाऊस पाडला. मी दोन दिवस गिळून बसलो होतो. आज ओकतो.

गेल्या दिवाळीत असाच एक "कुणीही" माझ्या दुकानात आला होता. वडिलांच्या बोनसमधून घेतलेला बोर्ड, सहा महिन्यांचासुद्धा नाही, आकाशी रंगवलेला. रॅमच्या स्लॉटवर सेलोटेप लावली होती म्हणे. टेपेच्या कडेखालून रंग आत ओढला गेलेला. एका डीडीआर४ स्लॉटमध्ये २८८ टोकं असतात, चार स्लॉट म्हणजे ११५२. पीसी चालू होईना म्हणून या शहाण्याने काय करावं? वर थिनर ओतलं! वाळलेला रंग पातळ झाला आणि वाहत वाहत सीपीयूच्या सॉकेटात जाऊन बसला. मी भिंगाखाली सुई आणि आयपीए, म्हणजे साफसफाईचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, घेऊन दोन संध्याकाळी घालवल्या. बोर्ड गेला तो गेलाच. वर प्रश्न, "काका, वॉरंटीत होईल ना?"

तर बाळांनो, बोर्ड रंगाने मरत नाही. तुम्ही जे झाकायला विसरता त्याने मरतो. रॅम, पीसीआयई (ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट), एम.२ आणि साटा (डिस्क जोडायच्या जागा), पंख्यांच्या पिना, २४ पिनांचा कनेक्टर, सॉकेट, मागचे सगळे पोर्ट, आणि स्क्रूच्या भोकांभोवतीची ती चकचकीत कडी, जी कुणाच्याच लक्षात येत नाही. यातलं एक राहिलं तरी पुरे.

रंगारी
बुवा, डॉक्टरला अख्खं गाव आजारीच दिसतं. ज्यांचे नीट झाले ते तुमच्या दुकानात कशाला येतील?

मी भंगारवाल्याकडून ३०० रुपयांत एक जी४१, म्हणजे जुन्या चिपसेटचा, बोर्ड उचलला आणि काळा-पांढरा केला. तीन वर्षं घरातल्या सगळ्या फोटोंची साठवण त्यावर चालू आहे, दिवसरात्र. पण तीन तासांत नाही, चार रविवार लागले. पहिला रविवार नुसता ब्रश आणि आयपीए. स्लॉटवर टेप लावायचीच नसते हो, मेलेल्या रॅमच्या पट्ट्या आत बसवायच्या, भोक आपोआप बंद. स्क्रूच्या भोकांना ब्लू टॅक, ती चिकट पुट्टी. बॅटरी काढून ठेवायची. मग पातळ पातळ हात, दोन हातांच्या मध्ये वीस मिनिटं, डबा एक वीतभर लांब. ओघळ आला की संपलं, पुसायला जायचं नाही.

तुमचा राग रंगावर आहे की हल्लीच्या पोरांवर, ते एकदा ठरवा.

ओहमचा_भाऊ
रंगारी, तुमचा जी४१ हा पुरावा होत नाही. पीसीआयईच्या पहिल्या पिढीचा वेग सेकंदाला २.५ गिगाट्रान्सफर, चौथ्या पिढीचा १६. वरच्या थरातल्या तारांवर रंगाचा जाड लेप बसला की त्यांचा इम्पिडन्स (वेगवान सिग्नलला होणारा विरोध) थोडा खाली येतो, कारण हवेच्या जागी दुसरा पदार्थ येतो. जुन्या बोर्डाला फरक पडणार नाही. नव्याला पडेलच असं मी म्हणत नाही, पण "माझा चालतो" हे उत्तर नव्हे.

बुवांनी एक सोडलं. सोनेरी रंग! सोनेरी आणि चंदेरी स्प्रेमध्ये पितळेची किंवा ॲल्युमिनियमची भुकटी असते. सुट्या हीटसिंकवर खुशाल मारा. बोर्डावर मारणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

सोल्डरबुवा
घ्या! आणि उष्णतेचं? मॉस्फेटवर, त्या वीज सांभाळणाऱ्या गरम पार्टांवर, रंगाचं पांघरूण घातलं की ते तापणार नाहीत?

ओहमचा_भाऊ
नाही, तिथे तुम्ही चुकताय बुवा. ५० मायक्रॉनचा रंग म्हणजे हवेच्या अडथळ्यापुढे किस झाड की पत्ती, जेमतेम एक टक्का. उलट नागडं ॲल्युमिनियम उष्णता फेकण्यात कंजूष असतं, रंगवलेलं जास्त फेकतं. आणि त्यासाठी काळाच हवा हाही गैरसमज. त्या तापमानाला पांढरा रंगही जवळपास तेवढंच काम करतो. पंखा चालू असेल तर हा फायदा नगण्य, हे खरं. फक्त हीटसिंकचा खालचा, पॅडला टेकणारा भाग कोरा ठेवायचा.

सोल्डरबुवा
बरं. उष्णतेचं मागे घेतो. बाकीचं नाही.

नागावकर
मध्येच बोलतो, माफ करा. रंगाने बोर्ड वाचतो का हो? आमच्याकडे समुद्र पाचशे पावलांवर. एसीच्या बाहेरच्या युनिटमधला बोर्ड दोन वर्षांत दोनदा गेला. एकदा खारी हवा, पिना हिरव्या पडलेल्या. दुसऱ्यांदा पाल. उघडला तर आत पाल चिकटून कोळसा झालेली. मेकॅनिकने नवा बोर्ड बसवला, खिशातून कसलासा डबा काढून त्यावर फुसफुस केलं आणि त्या फुसफुसाचे वेगळे ८०० रुपये लावले. ते काय असतं? मी साधा स्प्रे मारला तर चालेल का?

तिसरी_पिन
पाल हा विषय नाही, अर्थिंग हा विषय आहे. बुवांनी स्क्रूच्या कडीचा उल्लेख करून सोडून दिला. त्या कड्यांमधून बोर्ड कॅबिनेटला आणि कॅबिनेट जमिनीला जोडलं जातं. पण आपल्या किती घरांत भिंतीतल्या तिसऱ्या भोकाच्या मागे खरंच वायर आहे? मी सोसायटीत सतरा प्लग तपासले, चारांत निघाली. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात त्या उगाच नाही. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे, अर्थिंग नसेल तर, कॅबिनेटवर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून आपण जिवंत. आधी हे बघा, मग रंग खेळा.

नागावकर
साहेब, पाल मेली ती अर्थिंगने वाचली नसती.

मंजू_भोसरी
नागावकर, तो डबा म्हणजे कॉन्फॉर्मल कोटिंग, बोर्डावरचा पातळ संरक्षक थर. बहुतेक ॲक्रिलिक. मी अकरा वर्षं त्याच लाइनवर क्वालिटीत आहे, म्हणून सांगते : साधा स्प्रे मारू नका. आमच्याकडे बोर्ड आधी धुतात, ओव्हनमध्ये सुकवतात, कनेक्टर झाकतात, मग कोटिंग. त्यात मुद्दाम चमकणारं द्रव्य असतं, अतिनील दिव्याखाली धरलं की लागलंय तिथे निळं निळं चमकतं, राहिलंय तिथे काळं दिसतं. फ्लक्सचा (सोल्डरिंगच्या रसायनाचा) चिकटा आणि दमट हवा आत ठेवून वरून रंग मारला तर तुम्ही गंज बाहेर ठेवत नाही, घरात कोंडता.

आणि हे रंगारींनाही लागू. तुमचा पहिला रविवार ब्रशमध्ये गेला म्हणून तुमचा बोर्ड तीन वर्षं टिकला. रंगाने नाही.

रंगारी
म्हणजे मी बरोबर केलं असंच म्हणताय ना ताई? धन्यवाद. बुवा, वाचलंत का?

मंजू_भोसरी
मी असं अजिबात म्हटलेलं नाही.

नागावकर
आणि पाल?

मंजू_भोसरी
पालीला पातळ कोटिंग पुरत नाही. २३० व्होल्टच्या दोन टोकांवर ती आडवी पडली की पातळ थराचा काय भरवसा. वॉशिंग मशीनचे बोर्ड बघा, अख्खे जेलीसारख्या द्रव्यात बुडवलेले असतात. तसं पॉटिंग हवं. पण मग दुरुस्ती विसरा.

सोल्डरबुवा
दुरुस्ती विसरा! हेच तर चाललंय सगळीकडे. एक दहा रुपयांचा पार्ट गेला की अख्खा बोर्ड बदला. त्या जेलीत हात घालून मी तीन मशीनं जिवंत केली आहेत, नखं गेली माझी. कंपन्यांनी ती जेली पाण्यासाठी घातली की आमच्यासारख्यांचा धंदा बुडवायला, देवाला ठाऊक.

मंजू_भोसरी
पाण्यासाठी. साबणाच्या पाण्याच्या डोक्यावर बोर्ड ठेवून बघा एकदा कोरा.

तिसरी_पिन
पाल आत येते कारण बोर्ड गरम असतो आणि किडे असतात. केबल जिथून आत जाते तिथे जाळी लावा, काम झालं. आमच्या शेजाऱ्यांनी अंड्याची टरफलं लटकवली होती.

नागावकर
आम्हीही. पाल त्याच टरफलावर बसायची.

रंगारी
तीस प्रतिसादांचा धागा होणार हा, आणि वीस पालीवर!

शुभ्र_बिल्ड
तो बोर्ड माझा आहे. काका, तुम्ही माझं नाव न घेता मला पूर्ण धागाभर धुतलंत, विचारलं एकदाही नाही. तीन हजारांचा जुना बोर्ड आहे, माझ्या पहिल्या पगारातला, वडिलांच्या बोनसचा नाही. सोनेरी फक्त हीटसिंकवर मारलं, तेही काढून, गच्चीवर. सॉकेटवर त्याचं प्लास्टिकचं झाकण होतं. सगळ्यांना हिरवा बोर्ड आवडलाच पाहिजे असा नियम आहे का? हिरवा हासुद्धा रंगच आहे. तांब्यावर सोल्डर मास्क फासूनच तर कारखान्यातून येतो.

सोल्डरबुवा
तो मास्क कारखान्यात पार्ट बसवायच्या आधी लागतो, प्रकाशाने पक्का होतो आणि नेमका पॅड सोडून लागतो. तू पार्ट बसल्यावर गच्चीवर मारलास. दोन्हीला "रंग" म्हणायचं तर मग मेंदी आणि डांबर एकच. गच्चीवर कधी मारलास, ऑगस्टमध्ये? पावसात स्प्रेवर पांढुरकी साय येते, म्हणून विचारतो.

शुभ्र_बिल्ड
जुलै. पांढऱ्यावर साय दिसत नाही.

रंगारी
😂 हे मात्र बुवांना द्यायलाच हवं.

सोल्डरबुवा
मला काही देऊ नका. मुला, एक खरं सांग. रॅम किती दिसते?

शुभ्र_बिल्ड
...८.

सोल्डरबुवा
आणि लावलीस किती?

शुभ्र_बिल्ड
१६. दुसरी पट्टी खराब निघाली, मी विकणाऱ्याशी भांडतोय गेला महिनाभर.

ओहमचा_भाऊ
ती पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये एकटी लावून बघितलीस?

शुभ्र_बिल्ड
नाही.

सोल्डरबुवा
बघ. आणि थिनरच्या बाटलीला हात लावलास तर याद राख.

शुभ्र_बिल्ड
पट्टी चालते. दुसऱ्या स्लॉटच्या एका कोपऱ्यात काहीतरी पांढरं दिसतंय, मोबाईलचा टॉर्च मारल्यावर. तरीही तीन तासांतच झालं होतं.

रंगारी
बघा बुवा, रंगाने मेला नाही. अर्धा जिवंत आहे.

मंजू_भोसरी
आयपीए, ९९ टक्केवालं, आणि लाकडी टूथपिक. धातूची सुई नको, बुवा काहीही म्हणोत. आणि त्या रॅम विकणाऱ्याला आधी फोन कर.

तिसरी_पिन
फोन करण्याआधी प्लगचं तिसरं भोक तपास.

नागावकर
ताई, ते ॲक्रिलिकवालं अलिबागला मिळेल की पुण्याला तपकीर गल्लीत यावं लागेल? एसीवाला उद्या परत येतोय, आज रात्री युनिटमधून पुन्हा चुकचुक ऐकू आली.