आवळी भोजन – फक्त कामाचे मेसेज

शैलाताई बी-२०३: शीटमध्ये माझ्या नावापुढे "शेगड्या २, सिलिंडर १" आलंय. मी खोबऱ्याची चटणी सांगितली होती. आणि माईंच्या नावापुढे "दोरखंड, ताडपत्री". हा काय प्रकार आहे?

बंडू सी-१०४: माई ताडपत्रीची भाजी करणार 😄

शैलाताई बी-२०३: मी गंमत करत नाहीये.

सेक्रेटरी: कृपया शीटला कोणी हात लावू नये. नाना बघतील.

शैलाताई बी-२०३: नाना जर्मनीत बसून बघणार आणि आम्ही इथे शेगड्या शोधत फिरणार. छान चाललंय.

नाना (सध्या जर्मनी): नमस्कार मंडळी. कुणीतरी फक्त नावांचा कॉलम निवडून सॉर्ट केला. नावं अकारविल्हे लागली, वस्तू जागच्या जागी राहिल्या. व्हर्जन हिस्टरीतून कालची प्रत परत आणली आहे. पहिले तीन कॉलम आता लॉक आहेत. बदल हवा असेल तर "शेरा"मध्ये लिहा, रात्री मी करीन. ज्यांना आपलंच नाव वर बघायचंय त्यांनी फिल्टर व्ह्यू वापरावा, त्याने इतरांचं हलत नाही.

अप्पा डी-५०१: आवळ्याचं झाड कुणी बघून आलं का?

सेक्रेटरी: मीटिंग रविवारी रात्री ९. लिंक तीच.

नाना (सध्या जर्मनी): इथली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे गेली. फरक आता साडेतीन नाही, साडेचार तासांचा आहे. तुमचे रात्री ९ म्हणजे माझे दुपारचे साडेचार. मागच्या वेळी मी आलो तेव्हा मीटिंग संपली होती, ती यामुळे.

बंडू सी-१०४: संपली नव्हती नाना, भांडण होऊन सगळे निघून गेले होते.

खजिनदार: बसवाल्याला ॲडव्हान्स द्यायचाय. नेटबँकिंगचा ओटीपी नानांच्या इथल्या नंबरवर जातो आणि ते सिम रोमिंगवर नाही. पैसे अडकलेत.

शैलाताई बी-२०३: कोऱ्या चेकवर सह्या करून गेलेत म्हणे ना?

खजिनदार: ताई, असं काहीही नाही. पाहिजे तर चेकबुक येऊन बघा. कोजागिरीच्या दुधाचा हिशेबही नोटीस बोर्डावर लावला होता.

शैलाताई बी-२०३: लावला होता. दुसऱ्या दिवशी काढलाही होता.

नाना (सध्या जर्मनी): रोमिंग आज सुरू करतो. डेटा बंद ठेवायचा, एसएमएस तेवढे येऊ द्यायचे. पण कमिटीने दुसऱ्या सहीसाठी ठराव करून बँकेत द्यावा हे बरं. आयत्या वेळी मी झोपलेलो असेन आणि बसवाला फाटकात उभा असेल.

अप्पा डी-५०१: आवळ्याचं झाड कुणी बघितलं का? नाना नकाशात बघून जागा ठरवतात. नकाशात आवळा आणि बाभूळ सारखेच दिसतात.

बंडू सी-१०४: चूल पेटवून पिठलं करू ना तिथे. जंगलात गॅस कसला?

नाना (सध्या जर्मनी): नाही. आपण जातोय तो त्र्यंबक रस्त्यावरचा अंजनेरीचा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. राखीव वनात धोका होईल असा विस्तव पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा. आत्ता गवत वाळायला लागलंय, एक ठिणगी पुरते. शिवाय कड्यांना आग्या मोहोळ असतं. धूर वर गेला की माश्या उठतात आणि खाली पंगत बसलेली असते. त्यामुळे चूल, उदबत्ती, फटाके काहीच नको. अत्तर, सेंटही लावून येऊ नये.

बंडू सी-१०४: ड्रोन तरी? नानांना लाइव्ह दिसेल.

नाना (सध्या जर्मनी): नको रे बाबा. कड्यात गिधाडं आहेत. आणि डोंगराच्या कुशीत नेटवर्कही टिकत नाही. फोनवर रेकॉर्ड करा, घरी आल्यावर पाठवा.

माई ए-३०२: स्वयंपाक आपल्या हॉलमध्ये पहाटे होईल. १२० माणसं धरली आहेत. मसालेभाताला तांदूळ १० किलो, पिठल्याला बेसन ५ किलो. भाकरी १८०, त्या गावातल्या बचत गटाकडून तिथेच ताज्या घेऊ, इथून नेल्या तर चिवट होतात. मठ्ठ्याचं दही १० किलो, ते बर्फात घालून न्यायचं आणि तिथे घुसळायचं. इथूनच मठ्ठा करून नेला तर बाराच्या उन्हात फसफसतो. मीठ, आलं वाढायच्या आधी. भातात ओलं खोबरं अजिबात नको, बंद पातेल्यात चार तासांत आंबतं. खोबरं-कोथिंबीर वेगळ्या डब्यात, वरून घालायला. शैला, तुझी चटणीही सुक्या खोबऱ्याचीच कर ग.

शैलाताई बी-२०३: 👍

खजिनदार: जिलबी १० किलो सांगितली आहे.

बंडू सी-१०४: १२० जणांत १० किलो? डी विंगच्या आधी आम्हाला वाढा.

अप्पा डी-५०१: डी विंगवर घसरायचं काम नाही. झाडाचं विचारतोय मी.

सेक्रेटरी: तारीख ठरवू या. पौर्णिमेच्या आतला रविवार?

माई ए-३०२: नवमी ते पौर्णिमा मुख्य, पण कार्तिक संपेपर्यंत करतात.

नाना (सध्या जर्मनी): मग पौर्णिमेनंतरचा रविवार घ्या. त्रिपुरारी पौर्णिमेला त्र्यंबकेश्वरला रथ असतो, त्र्यंबक रस्ता सकाळपासून तुंबतो. मोठी बस आत पंगतीच्या मळ्यापर्यंत वळणार नाही, फाट्यावर थांबवावी लागेल. सामानाला छोटा हत्ती वेगळा. पाण्याचे २० लिटरचे १८ जार, म्हणजे माणशी ३ लिटर. हात धुवायचं पाणी मळ्याच्या विहिरीचं, तेवढं मालकाशी बोलून घ्या.

सेक्रेटरी: वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज नानांनी लिहून पाठवलाय. जबाबदार व्यक्ती म्हणून नानांचंच नाव टाकतो.

शैलाताई बी-२०३: आणि वनरक्षक विचारायला आला की त्याला व्हिडिओ कॉल लावून देणार?

नाना (सध्या जर्मनी): शैलाताईंचं बरोबर आहे. माझं नाव नको. त्या दिवशी तिथे उभा असेल त्याचं नाव आणि इथला मोबाइल नंबर हवा. गाड्यांचे नंबर, माणसांचा आकडा, निघायची वेळ हेही लिहा. वेळ साडेचारच लिहा. सहाला अंधारतं आणि बिबट्याचा भाग आहे. मुलांना मोजून बसमध्ये चढवणं मी इथून करू शकत नाही.

बंडू सी-१०४: शैलाताईंचंच नाव टाका!

शैलाताई बी-२०३: टाका. पण मग साडेचारला शिट्टी मारली की उठायचं. अंताक्षरी अर्धी राहिली तरी.

खजिनदार: पत्रावळी थर्माकोलच्या घेऊ का? स्वस्त पडतात.

माई ए-३०२: २०१८ पासून बंदी आहे हो. पळसाच्या घ्या. १५० आणा, काही फाटक्या निघतातच.

नाना (सध्या जर्मनी): उष्टं मळ्याच्या खड्ड्यात, मालकाला विचारून. बाकी कचऱ्याच्या गोण्या परत आणायच्या, त्या छोट्या हत्तीतच. साप चावला तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, माणसाला हलू न देता १०८. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. दोन्ही नंबर कागदावर लिहून ठेवा. आणि रेंज नसेल तर फाट्यापर्यंत कोण धावणार, ते आधीच ठरवा.

अप्पा डी-५०१: झाड???

सेक्रेटरी: अप्पा, आज मी जाऊन आलो. मळ्याच्या बांधावर एक आवळा आहे. खोड मनगटाएवढं, सावली चार माणसांची.

अप्पा डी-५०१: मग ११६ जण कुठे बसणार?

माई ए-३०२: पूजा आवळ्यापाशी, निरांजन न लावता हळदीकुंकू वाहून. पंगत शेजारच्या आंब्याखाली.

अप्पा डी-५०१: म्हणजे आंबी भोजन.

सेक्रेटरी: 🙏 फक्त कामाचे मेसेज.

अप्पा डी-५०१: आंब्याखाली मुंग्या असतात. ताडपत्री कोण आणतंय?