सल्ला हवा: तीन एकर गवताचं रान स्वतः कापावं की माणसं लावावीत? (जावळी, सातारा)

माळकरी

नमस्कार मंडळी. जावळी तालुक्यात गावाकडे तीन एकर गवताचं रान आहे. खालचे दोन एकर उताराचे, पण दगड कमी. वरचा एक एकर खडकाळ, मधेमधे घाणेरी. गवत मिसळ आहे: खाली पवना आणि मारवेल, वरच्या अंगाला कुसळीच जास्त. दावणीला दोन म्हशी आणि एक गाय. भाताचा पेंढा दीड टनाच्या आसपास निघेल, ज्वारीचा कडबा आठशे किलो ठरवून ठेवलाय.

गड्याला ५०० आणि बाईमाणसाला ३५० रोज चालू आहे, चहा-जेवण वेगळं. पण भातकापणी तोंडावर आलीय, दिवाळीपर्यंत कोणी शब्द देत नाही. ब्रश कटरवाला (गवत कापायचं हातातलं यंत्र) पेट्रोल आणि माणसासकट तासाला ३०० मागतो. दुकानात फोर-स्ट्रोक यंत्र २८ हजाराला सांगितलं. नोकरीमुळे शनिवार-रविवारच हातात आहेत. यंत्र घेऊन स्वतः कापू, तासावर कापून घेऊ, की मजुरांची वाट बघू?

दावण_७२

दादा, आधी तुम्हाला किती गवत लागतं ते काढा. तीन एकर आहे म्हणून तीन एकर कापायचं असं नसतं.

तीन जनावरं, प्रत्येकी रोज ६ किलो सुकी वैरण, नोव्हेंबर ते मे २१० दिवस. झाले ३,७८० किलो. पेंढा आणि कडबा मिळून २,३०० किलो तुमच्याकडे आहेच. तूट साधारण १,५०० किलोची.

आता रानात एक गुंठा मोजा. ३३ फूट बाय ३३ फूट, चार खुंट्या, दोरी लावा. जागा मध्यम दाटीची निवडा, उगाच सगळ्यात चांगला तुकडा नको. विळ्याने चार बोटं बुडखा ठेवून कापा, घड्याळ लावून. ओलं वजन करा, पसरून चार दिवस वाळवा, परत वजन करा. या तीन आकड्यांशिवाय इथला कोणताही सल्ला अंदाजपंचेच राहील.

माळकरी

रविवारी गुंठा मोजला, आज वाळलेलं तोललं. ओलं ६२ किलो, सुकं २१ किलो. विळ्याने एकट्याने कापायला पावणेदोन तास लागले, पेंढ्या बांधणं धरलेलं नाही.

विळा_खुरपं

उत्तम. म्हणजे १,५०० किलोला ७० गुंठे पुरतात. काढणीत, वाहतुकीत आणि वळईच्या (रचलेल्या गंजीच्या) बुडाला दहा टक्के वाया जातं, म्हणून ८० धरा. खालचे दोन एकर म्हणजे बरोबर ८० गुंठे. वरच्या खडकाळ एकराला वैरणीसाठी हात लावायची गरजच नाही.

आता ८० गुंठ्यांचा हिशोब तीन तऱ्हांनी मांडून बघू.

विळ्याने: सरावाचा माणूस दिवसाला चार गुंठे कापून बांधतो. म्हणजे २० रोज. गडी-बाया निम्मे-निम्मे धरले तर साडेआठ हजार, वर जेवण.

तासावर यंत्र: अशा रानात सराईत माणूस तासाला तीन गुंठे काढतो. ८० गुंठ्यांना २७ तास, ८,१०० रुपये. पण यंत्र फक्त आडवं पाडतं. गोळा करून बांधायला एक माणूस दिवसाला आठेक गुंठे उरकतो, म्हणजे आणखी १० रोज, ३,५०० रुपये. एकूण ११,६००.

स्वतःचं यंत्र: पेट्रोल तासाला पाऊण लिटरच्या आत, २७ तासांना १९-२० लिटर, दोन हजार रुपये. बांधणीचे ३,५०० आहेतच. तासावरच्या कापणीपेक्षा वर्षाला सहा हजार वाचतात. २८ हजार फिटायला साडेचार-पाच हंगाम जातील, त्यात तुमच्या घामाची मजुरी शून्य धरली आहे.

पैशाने विळाच स्वस्त. यंत्र पैसे वाचवत नाही, दिवस वाचवतं. आणि या दिवसांत दिवसच नसतात.

खरा पेच कापण्यात नाहीच. तुम्ही दोन दिवसांत पंचवीस गुंठे आडवे पाडाल आणि सोमवारी कामावर जाल. मागे ते कोण उलटवणार, कोण बांधणार? परतीच्या पावसाची एक सर आली की पडलेलं गवत काळं पडतं, उभ्याचं तेवढं बिघडत नाही. म्हणून आधी बांधणारे दोघं पक्के करा, मग कापणारा शोधा. बांधणाऱ्या बाया मिळत नसतील तर यंत्र घरात असून उपयोग नाही.

कटर_दुरुस्ती

वरचा हिशोब बरोबर आहे, पण तासाला तीन गुंठे हा सरावाचा वेग आहे. नवख्याला पहिले दहा-बारा तास दोन गुंठ्यांच्या वर जाता येत नाही, आणि दिवसाला चार-पाच तासांनंतर हात थरथरायला लागतात, चुका होतात. शनिवार-रविवार मिळून नऊ तास धरले तर ८० गुंठ्यांना चार आठवडे जातील. तोवर गवताची काडी होते. या वर्षी तासावरच घ्या.

तरी पुढे यंत्र घेणार असाल, किंवा तासावर येणाऱ्याचं काम पारखायचं असेल, तर हे लक्षात ठेवा.

वैरणीसाठी नायलॉन दोरा चालत नाही. दोरा गवताचे तुकडे करतो, चिखल-माती उडवून त्यात मिसळतो, पेंढी बांधताच येत नाही. ऐंशी दात्यांचं चकतीपातं आणि त्यावर भातकापणीला मिळतो तो पत्र्याचा गार्ड लावायला सांगा, म्हणजे काडी अखंड राहून एका अंगाला ओळीने पडते. तीन पात्यांचं ब्लेड जाड झुडपाला ठीक, पवन्याला नको.

पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, गवत डावीकडे पडतं. म्हणून कापायचं उजवीकडून डावीकडे. उतारावर खालच्या कडेने सुरुवात करायची, उताराची बाजू डाव्या हाताला ठेवून आडवं चालायचं, आणि एकेक पट्टा वर सरकायचं. पट्टा संपला की इंजिन मंद करून रिकामं परत यायचं. येता-येता कापायला गेलात तर तोडलेलं गवत उभ्या गवतात पडतं, गुंतागुंत होते आणि बांधणाऱ्या बाया वैतागतात.

पात्याची पुढची उजवी बाजू, घड्याळात बारा ते तीनच्या मधली, दगडाला लागू देऊ नका. तिथे लागलं की यंत्र उजवीकडे जोरात फेकलं जातं. पंधरा मीटरच्या आत कोणीही नको, बांधणारेसुद्धा. चश्मा, गमबूट, जाड पँट. पात्याला तडा गेला तर ते फेकून द्या, वेल्डिंग करून वापरायचं नाही.

गवत गिअर हेड (दांड्याच्या टोकाची, पातं फिरवणारी पेटी) आणि पात्याच्या मधल्या फटीत गुंडाळतं, विशेषतः दहिवर असताना. आवाज जड झाला, हेड तापलं की थांबा. इंजिन बंद, प्लगची टोपी काढा, मगच हात घाला. पात्याचा नट बहुतेक यंत्रांत उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सैल होतो. जोर लावून उलटा पिळला की आटे जातात, ही तक्रार सगळ्यात जास्त येते.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं असतं. ३५ सीसीच्या यंत्रात शंभर मिलिच्या आसपास मावतं, पहिली बदली दहा तासांनी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, प्रमाण डब्यावर बघून. ५०:१ असेल तर लिटरला २० मिलि, २५:१ असेल तर ४०. ऑइल विसरलात तर पिस्टन काही मिनिटांत जाम होतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला पाणी सुटतं आणि पुढच्या वर्षी कार्ब्युरेटर साफ करण्यात दोन दिवस जातात.

घ्यायचंच ठरलं तर महाडीबीटीवर (राज्य सरकारचं अनुदानाचं पोर्टल) यांत्रिकीकरणाच्या यादीत बघा. मात्र पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही.

पवना_मारवेल

माळकरी भाऊ, कधी कापायचं यावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. कोण कापणार यापेक्षा कधी कापलं याने दुधात जास्त फरक पडतो.

फुलोऱ्याच्या सुमाराला डोंगरी गवतात कच्ची प्रथिनं सहा-सात टक्के असतात. बी झडून गवत पिवळं पडलं की तीन टक्क्यांच्या आत येतात. महिनाभर मजुरांची वाट बघून वाचवलेले दोन-तीन हजार पुढे पेंडीच्या पोत्यात जातात. तुमच्याकडे आत्ता तुरे बाहेर आलेले असणार. पाऊस उघडून चार दिवस कडक ऊन पडलं की सुरू करा.

मजूर येण्याआधीच्या शनिवारी एक काम मात्र स्वतः करा. खालच्या दोन एकरांत फिरून घाणेरी आणि गाजरगवत मुळासकट काढा. उक्त्यातला (ठरावीक रकमेत काम घेतलेला) माणूस किंवा यंत्र निवडत बसत नाही, सगळं एकाच पेंढीत जातं. घाणेरीने जनावराच्या यकृताला बाधा होते, उन्हात कातडी सोलवटते. गाजरगवताने दूध कडवट लागतं. हे काम दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका.

वाळवण्याचं असं करा. कापलेली ओळ दोन दिवस तशीच, तिसऱ्या दिवशी एकदा उलटवायची. बांधायचं सकाळी, दहिवर नुकतं उडालेलं असताना. भर दुपारी बांधलं तर पानं चुरा होऊन रानातच राहतात आणि घरी नुसत्या काड्या येतात. वाळलं की नाही ते पेराशी बघायचं: मूठभर काड्या घेऊन पिळा, पेरापाशी कडकन तुटल्या तर झालं. नुसत्या वाकल्या आणि नखाला ओल लागली तर अजून एक दिवस. ओलं रचलं की वळई आतून तापते, बुरशी येते.

उशीर झालाच आणि गवत काडी झालं तर युरिया प्रक्रिया करता येते. १०० किलो सुक्या गवताला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरांवर शिंपडा, दाबा, प्लास्टिकखाली हवाबंद २१ दिवस ठेवा. घालण्याआधी काही तास उघडं पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला मात्र देऊ नका.

माळकरी

पवना ताई, दुरुस्तीवाले दादा, आभार. यंत्राचा विचार या वर्षी बाजूला ठेवतो. खालचे दोन एकर तासावर कापून घेतो, बांधायला भावकीतल्या दोन बाया तयार आहेत. आता दोन शंका. बाया म्हणतात, रोज नको, पेंढीवर पैसे द्या. दुसरं, वरच्या एकराचं काय करू?

विळा_खुरपं

पेंढीवर द्यायला हरकत नाही, पण माप आधी ठरवा. नाहीतर तिसऱ्या दिवसापासून पेंढी बारीक होत जाते, आणि त्यात त्यांचा दोष नसतो, ठरलेलंच नसतं. पहिल्या दिवशी दीड किलो सुक्या गवताची एक पेंढी समोर बसून बांधा. तिच्या पोटाभोवती सुतळी गुंडाळून गाठ मारा आणि ती सुतळी रानात खुंटीला लटकवून ठेवा. रोज संध्याकाळी कुठल्याही पाच पेंढ्या मोजायच्या, त्यांच्यासमोर. आळा (पेंढीचा बंध) त्याच गवताचा: मूठभर लांब काड्या, तुऱ्याकडून गाठवून पिळ द्यायचा. मारवेलीचा आळा चांगला बसतो, कुसळीचा तडकतो. ८० गुंठ्यांच्या अकराशे पेंढ्या धरा, थोड्या वरखाली.

वरचा एकर तासावर अजिबात देऊ नका. खडकात पातं जातं आणि तास फुकट वाढतात. शेळ्या-मेंढ्यांची वैरण लागणारा कोणी असेल तर उभं गवत अर्धलीने (निम्म्या वाट्याने) किंवा ठरावीक रकमेला द्या, पण कुसळं धरायच्या आत विळ्याने कापून नेण्याच्या बोलीवर. एकदा कुसळं पिकली की ती जनावराच्या तोंडात, हिरड्यांत रुततात. मग ते गवत कुसळं झडल्यावर कापून गोठ्यात अंथरायलाच.

दावण_७२

एक राहिलं. तुमच्या भागात गवतात फुरसं आणि घोणस हे दोन्ही विषारी साप निघतात. बांधणाऱ्या बाया वाकून, हात घालून गवत उचलतात, धोका त्यांना जास्त. ओळ आधी काठीने उलटवायची, मग मूठ भरायची. त्यांनाही गमबूट द्या. सर्पदंशाची लस असलेलं सरकारी रुग्णालय कोणतं आणि तिथे न्यायला गाडी कोणाची, हे काम सुरू होण्याआधी ठरवून ठेवा. चावलं तर करकचून बांधणं नको, चिरा देणं नको, हातपाय न हलवता थेट रुग्णालय.

आणि वळई विजेच्या तारेखाली रचू नका. बुडाला दगड आणि फांद्यांचा थर द्या, टोक निमुळतं करा. भोवती दहा-बारा फूट जमीन खरवडून मोकळी ठेवा. हा जाळपट्टा जानेवारी संपायच्या आत व्हायला हवा, फेब्रुवारीपासून वणवे सुरू होतात. अकराशे पेंढ्या एकाच वळईत न रचता दोन करा, मधे वीस-पंचवीस पावलांचं अंतर सोडून.