सेव्होफ्लुरेन की प्रोपोफॉल?

'लहान मुलांना सेव्होफ्लुरेन पुरे, एलएमए बसवायला प्रोपोफॉल कशाला' हे मत मला अर्धंच पटतं. सेव्होफ्लुरेन म्हणजे मास्कमधून हुंगवायचं भुलीचं औषध, प्रोपोफॉल शिरेतून द्यायचं, आणि एलएमए म्हणजे श्वासासाठी घशात बसवायची मास्क जोडलेली नळी. सुईला घाबरणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला मास्कनेच झोपवावं, यात वाद नाही. वास उग्र नाही, श्वास चालू राहतो आणि शीर नंतर शांतपणे शोधता येते. पण जबडा सैल पडायला वेळ लागतो. घाई करून एलएमए सरकवली की मूल खोकतं, कधी स्वरयंत्र आवळून धरतं.

तिथे प्रोपोफॉल सरस. घशाच्या प्रतिक्षिप्त क्रिया ते चांगल्या दाबतं. मुलांना मात्र किलोमागे साधारण २.५ ते ३.५ मिलिग्रॅम लागतं, मोठ्यांपेक्षा जास्त. श्वास काही वेळ थांबू शकतो, रक्तदाब उतरतो आणि टोचताना हात चांगलाच दुखतो, म्हणून आधी बधिर करणारं लिग्नोकेन द्यावं. थायोपेंटोन हे शिरेतून द्यायचं दुसरं भुलीचं औषध एकटं वापरू नये, घसा जागाच राहतो. केटामाइन या आणखी एका भुलीच्या औषधाने लाळ वाढते.

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हर्नियाच्या यादीतली कितीतरी मुलं नाक गळतच येतात. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येत नसेल आणि शीर आधीच मिळाली असेल, तर घशाच्या प्रतिक्षिप्त क्रिया दाबायला मी प्रोपोफॉलच निवडते. शीर नसेल तर सेव्होफ्लुरेनने झोपवून, शीर घेऊन, एलएमएआधी थोडं प्रोपोफॉल.