डॉक्टरांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आहे, पण उघडपणे. कसं विचारू? (मदत हवी आहे)

मंडळी, आधी काय झालं ते सांगते, मग प्रश्न.

बाबा बरीच वर्षं वॉरफरिन घेतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ती गोळी. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत बाबा, आई आणि मी, तिघंही होतो. घरी येऊन चपला काढता काढताच वाद सुरू झाला. आई म्हणे, गोळी ऑपरेशननंतर पाच दिवस घ्यायची नाही. मला आठवत होतं की पाच दिवस आधीपासून बंद. आणि बाबा ठाम, की पाच हा आकडा गोळीचा नव्हताच, आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची) तपासणी किती दिवसांनी करायची त्याचा होता. कागद काढला. गोळीच्या नावापुढे एक पाच होता, आणि त्या पाचाच्या पुढे जे होतं ते अक्षर होतं की पेन चालतंय का ते बघितलेलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. फोन लागेना. शेवटी बाबांनी आपलंच खरं केलं.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशीपोटी पोचलो, रक्त तपासलं, आयएनआर २.६, म्हणजे ऑपरेशनसाठी जास्त, गोळीचा परिणाम अजून होता. ऑपरेशन पुढे ढकललं. माझंच बरोबर होतं, पण ते त्या क्षणी बोलून दाखवण्यात काही अर्थ नव्हता.

पुढच्या भेटीला मी शहाणपणा केला. पर्समध्ये फोन रेकॉर्डिंगवर ठेवला आणि पर्स मांडीवर. घरी ऐकते तर वीस मिनिटं किल्ल्यांचा खुळखुळाट, मध्येच पर्सच्या चेनचा आवाज आणि बाबांचा खोकला मात्र स्वच्छ. डॉक्टर विहिरीच्या तळाशी बसून बोलत असावेत असे. बाबांनी हे ऐकलं आणि विचारलं, "त्यांना सांगितलं होतंस?" मी गप्प. तर म्हणाले, "आपण त्यांच्यापासून लपवायचं, आणि त्यांनी आपल्याला सगळं सांगावं म्हणायचं."

तेव्हापासून ते डोक्यात आहे. आता दोन आठवड्यांनी पुढची भेट आहे आणि यावेळी मला समोरासमोर विचारून रेकॉर्ड करायचंय. कुणी असं केलंय का? वाक्य नेमकं काय वापरलंत? डॉक्टरांना वाटणार नाही ना की आम्ही कोर्टकचेरीची तयारी करतोय? नाही म्हणाले तर? आणि एक जरा वेगळं: रेकॉर्डिंगमध्ये काही वाईट बातमी असली, तर ती फाइल बाबांकडे द्यायची की माझ्याकडेच ठेवायची?

अर्धवटराव: एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? वही-पेन घेऊन जा आणि लिहून घ्या. आमच्या आजोबांच्या वेळी कुठे होतं रेकॉर्डिंग.

धागाकर्ती: घेऊन गेले होते हो वही. एक वाक्य लिहीपर्यंत डॉक्टर पुढच्या दोन वाक्यांवर पोचलेले असतात. शिवाय मान खाली घालून लिहीत बसलं की बाबांचा चेहरा बघायचा राहतो, आणि त्यांना कळलं नाहीये हे फक्त चेहऱ्यावरून कळतं. तोंडाने ते कायम "हो हो" म्हणतात.

स्टेथोस्कोपवाला: मी टेबलाच्या पलीकडे बसणारा. पहिलं, वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात हे खरं, पण कुणाची थांबवायची, किती दिवस आणि मध्ये इंजेक्शन द्यायचं का, हे माणसागणिक बदलतं. इथे वाचून कुणी गोळी बंद करू नका.

आता विसरण्याबद्दल. तुम्ही तिघं काही विशेष वेंधळे नाही. रॉय केसेल्स यांनी २००३ साली या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. रुग्णाला सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के तो लगेच विसरतो, आणि जे आठवतं त्यातलं जवळजवळ निम्मं चुकीचं आठवतं. वय, घाबरलेली अवस्था आणि आमची भाषा, तिन्ही कारणं आहेत. तिसऱ्याची जबाबदारी आमची.

बोलणं टेप करून रुग्णाला द्यायचं हेही नवं नाही, कॅसेटच्या जमान्यापासून चालू आहे. कॅन्सरच्या रुग्णांना सल्लामसलतीचं रेकॉर्डिंग किंवा लेखी सारांश दिला तर काय होतं, यावर २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था) १६ चाचण्या तपासल्या होत्या. ज्यांना ते मिळालं त्यांच्यातल्या ६० ते १०० टक्के लोकांनी ते खरंच ऐकलं किंवा वाचलं. धूळ खात पडलं नाही.

मग आम्ही बिचकतो का? खरं सांगतो. कोर्टाची भीती आहेच, पण त्याहून जास्त भीती आहे ती मधलंच दहा सेकंदांचं वाक्य कापून कुठेतरी फिरेल याची. फोन समोर असला की माणूस तोलून मापून बोलतो, आणि "मला वाटतं हे बहुधा साधंच असेल" असं मोकळेपणाने म्हणत नाही. रुग्णाचं त्यात नुकसानच. म्हणून "रेकॉर्ड करू का?" असं तुटक विचारू नका, कारण आधी सांगा. "मागच्या वेळी गोळीबद्दल आमचा गोंधळ झाला आणि ऑपरेशन पुढे गेलं. घरी बाबांना परत ऐकवायला म्हणून रेकॉर्ड केलं तर चालेल का?" यावर नाही म्हणणं मला तरी जड जाईल. आणि हे बसल्या बसल्या विचारा, तपासणी निम्मी झाल्यावर नको.

तरी नाही म्हणाले तर अर्ध्यावर या: "शेवटची तीन मिनिटं फक्त? तुम्ही काय करायचं ते सांगाल तेवढीच." किंवा बाबांनाच सांगू द्या, "मी काय समजलो ते म्हणून दाखवतो, चुकलं तर सांगा." ही पद्धत आम्हाला शिकवतात, वापरतो मात्र कमी.

पेनड्राइव्ह: तांत्रिक भाग माझ्याकडे. फोन टेबलावर, डॉक्टरांच्या बाजूला, खाली घडी केलेला रुमाल, म्हणजे पेन आपटल्याचे धक्के येत नाहीत. फ्लाइट मोड लावाच, मध्ये कॉल आला तर बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग थांबतं आणि ते तुम्हाला घरी गेल्यावर कळतं. आकाराची चिंता नको: ६४ केबीपीएसला वीस मिनिटांचे दहा एमबीसुद्धा होत नाहीत. फाइलला लगेच तारीख आणि विभागाचं नाव द्या, नाहीतर सहा महिन्यांनी "नवीन रेकॉर्डिंग १७" मध्ये शोधत बसाल.

फॅमिली ग्रुपवर टाकू नका. हे दोनदा वाचा.

आवाजाचं आपोआप लिखाण करून देणारी अॅप वापरणार असाल, तर औषधांची नावं आणि आकडे मूळ आवाजाशी ताडून बघा. नेमकं तिथेच ती गडबडतात, आणि चुकीचा आकडासुद्धा इतका नीटनेटका छापतात की शंका येत नाही.

उंबरठा: कायदा ठिकाणागणिक वेगळा आहे एवढं लक्षात असू द्या. एकट्या अमेरिकेतच बहुतेक राज्यांत बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, पण कॅलिफोर्निया, फ्लोरिडासारख्या काही राज्यांत सगळ्यांची लागते. विचारून केलंत की हा प्रश्नच मिटतो.

दवबिंदू: तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहितेय, बाकीचं वरच्यांनी सांगितलंच आहे.

ताईच्या कॅन्सरच्या वेळी डॉक्टरांनी स्वतःच रेकॉर्डिंग करून दिलं होतं. मी ते चार वेळा ऐकलं, तिने एकदाही नाही. मला राग यायचा, वाटायचं ही आजाराकडे बघतच नाहीये. नंतर याबद्दल शोधताना १९९५ ची एक चाचणी वाचनात आली. टेप मिळालेल्यांना जास्त आठवत होतं, पण ज्यांचा आजार बरा होण्यासारखा नव्हता त्यांचा मानसिक त्रास सहा महिन्यांनंतर टेप न मिळालेल्यांइतका कमी झाला नव्हता. तेव्हा कळलं की न ऐकणं हाही तिचा निर्णय होता, आणि मी तो तिच्या वतीने घेत होते.

फाइल बाबांची आहे. त्यांच्या फोनमध्ये ठेवा. कधी ऐकायची, कितपत ऐकायची, तुम्हाला ऐकू द्यायची की नाही, सगळं त्यांचं. तुम्हाला कॉपी हवी तर त्यांच्याकडे मागा. तुम्ही डॉक्टरांची परवानगी कशी मागायची ते विचारलंत, बाबांची मागायचं विसरलात.

धागाकर्ती: दवबिंदू, शेवटचं वाक्य लागलं. खरंच विसरले होते.

धागाकर्ती (सतरा दिवसांनी): सांगायला आले. मी नाही, बाबांनीच विचारलं. स्टेथोस्कोपवाल्यांचं वाक्य त्यांनी पाठ केलं होतं, पण आयत्या वेळी "आमचं घरी भांडण होतं हो" एवढंच म्हणाले. डॉक्टर हसले, फोन उचलून स्वतःजवळ ओढला आणि आधी तारीख बोलले. मध्ये एकदा दुसऱ्या पेशंटबद्दल विचारायला नर्स आत आली तेव्हा त्यांनीच हात आडवा करून "हे थांबवा जरा" म्हटलं. गोळीचं सगळं शेवटी सावकाश, दिवसांच्या नावांसकट सांगितलं. बुधवारपासून बंद.

बाबा रात्री इअरफोन लावून ऐकत बसले होते. बराच वेळ एकाच जागी मागे-पुढे करत होते, म्हणून विचारलं काय झालं. म्हणाले, "इथे मी हो हो म्हणतोय बघ. मला तेव्हा काही कळलं नव्हतं." कॅलेंडरच्या मागे त्यांनी लिहून ठेवलंय: मिनिट ७, सेकंद ४०, परत विचारणे.