मदत हवी आहे: आय-फिल्टरमधला उजेड ऑक्सिजनचा की हायड्रोजनचा?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सुबारू दुर्बिणीच्या हायपर सुप्रीम-कॅमच्या खुल्या डेटातून तीव्र उत्सर्जन रेषांच्या (तापलेला वायू ठरावीक तरंगलांबीलाच सोडतो त्या प्रकाशाच्या) छोट्या दीर्घिका शोधतेय. २००७ साली गॅलेक्सी झू या लोकसहभागाच्या प्रकल्पातल्या हौशी मंडळींना स्लोन आकाश-सर्वेक्षणाच्या चित्रांत हिरवे 'मटार' सापडले होते, त्यांची दूरची भावंडं. मटारांची ५००७ अँगस्ट्रॉमची (तरंगलांबीचं एकक) ऑक्सिजन रेषा आर-फिल्टरमध्ये पडते आणि चित्रात आरला हिरवा रंग देतात, एवढंच त्या हिरवेपणाचं गुपित.

मी एक फिल्टर पुढे, आयकडे गेले (आर, आय, झेड, वाय हे फिल्टर वाढत्या तरंगलांबीच्या क्रमाने येतात). आर आणि झेड दोन्हींपेक्षा आय निदान अर्ध्या प्रतीने (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितकं तेज जास्त) तेजस्वी, अशी अट लावली. फिल्टरची रुंदी १५०० अँगस्ट्रॉम धरली तर एवढ्या फरकाला रेषेची समतुल्य रुंदी (आजूबाजूच्या प्रकाशाच्या तुलनेत रेषेचा जोर) पावणेनऊशे अँगस्ट्रॉमच्या घरात लागते. साध्या दीर्घिकेचं ते काम नव्हे. तरी यादीत बराच कचरा आला. जवळच्या सर्पिल दीर्घिकेच्या भुजेतला एखादा चमकता वायुमेघ सॉफ्टवेअर बिनदिक्कत स्वतंत्र दीर्घिका म्हणून मोजतं.

अडलंय एका गोल, इवल्याशा ठिपक्यावर. आर २३.४, आय २२.७, झेड २३.३ (दीड विकलेच्या अपर्चरमध्ये, म्हणजे ज्या गोलातला प्रकाश मोजला त्यात). वर्णपट नाही. रेषा ७७५० अँगस्ट्रॉमच्या आसपास धरली, तर ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने रेषा लांब तरंगलांबीकडे सरकण्याचं माप) ०.५५ चा ऑक्सिजनही बसतो आणि ०.१८ चा हायड्रोजन-अल्फाही (हायड्रोजनची ६५६३ अँगस्ट्रॉमची रेषा). कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

हायड्रोजन असता तर ०.१८ ला ५००७ ची रेषा ५९०० च्या आसपास, म्हणजे आरमध्ये आली असती. अशा दीर्घिकेत ती सहसा जोरदार असते, तुमचा आर तर दबलेला आहे. माझं मत ऑक्सिजनला. वाय-फिल्टर बघा, ०.५५ ला हायड्रोजन-अल्फा तिथे पोचते.

पण त्याआधी एक करा. या सर्वेक्षणात आयचे फोटो मुद्दाम सर्वांत स्थिर हवेत घेतलेत. त्यामुळे छोट्या अपर्चरमध्ये आयचा प्रकाश जास्त मावतो आणि फुकटचा उठाव दिसतो. त्याच चौकटीतले साधे तारे मोजून पाहिलेत का?

धागाकर्ती

नव्हते पाहिले! आत्ता मोजले. ताऱ्यांचाही आय ०.०८ ने फुगलेला आहे. काठावरच्या अकरा दीर्घिका गळाल्या, हा ठिपका टिकला. वायमध्ये मात्र नुसता गोंगाट आहे. तिथे किती उठाव दिसला तर धरायचा?